परिचारिकांची शिक्षिका

रोग्याच्या उशाशीं उभी असलेली परिचारिका सर्वांस दिसते; तिला शिकविणारी मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानांत येते. वस्तुतः एका परिचारिकेची चूक एका रोग्यास भोंवते, तर शिक्षिकेची उणीव परिचारिकांच्या पिढीस भोंवते. शिक्षिकेच्या अंगीं कोणती पात्रता असावी, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

१८६० सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या योजनेनें लंडनला सेंट टॉमस रुग्णालयांत शाळा निघाली. तेथें वॉर्डांतील अनुभवी सिस्टर हीच शिकवीत असे. आपल्याकडेहि पुष्कळ वर्षें हीच रीत चालली. पुण्यास १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें सेवासदन स्थापन झालें आणि तेथील स्त्रिया ससून रुग्णालयांत शुश्रूषा शिकूं लागल्या. कुलीन घरच्या विधवेनें परक्या रोग्यास हात लावावा, हें तत्कालीन समाजास रुचत नव्हतें. जेथें शिकणाऱ्या मिळणें कठीण, तेथें शिकविणारीच्या पात्रतेचा विचार कोण करणार ?

१९४६ सालीं भोर समितीनें दाखवून दिलें कीं, ब्रिटिश हिंदुस्थानांत परिचारिका सुमारे ७,००० च, म्हणजे ४३,००० लोकांमागें एक. ही संख्या वाढवावयाची तर आधीं शिक्षिका घडविणें प्राप्त होतें. त्याच वर्षीं दिल्ली व वेल्लोर येथें परिचर्येचा पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला.

यवतमाळ जिल्हा त्या काळीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत होता. मुंबई इलाख्याचे कायदे तेथें लागू नव्हते. १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्यानें सर्व प्रांतांतील शिक्षणास एकच माप लावण्याचें ठरविलें. वऱ्हाडांतील मुलीस त्याचें मोल विशेष होतें. दिल्लीस १९५९ मध्यें पदव्युत्तर शिक्षणाची सोय झाली. मुंबईस १९६४ मध्यें लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघालें. खुद्द यवतमाळास १९८९ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झालें.

आज महाविद्यालयांत ट्यूटर होण्यास परिचर्येची पदवी व निदान एक वर्षाचा अनुभव लागतो. प्राध्यापकपदांस पदव्युत्तर पदवी आवश्यक असते. पदवीच्या जोडीला अनुभवाची ही अट केवळ कागदी नव्हे. अंथरुणास खिळलेल्या रोग्याची कूस त्याला न दुखवितां कशी बदलावी, हें पुस्तक सांगतें खरें. पण जिनें तें स्वतः केलें आहे, तिलाच विद्यार्थिनीचा हात कोठें चुकतो तें दिसतें. जुन्या सिस्टरचा अनुभव आणि नव्या पदवीधरेचें ज्ञान यांचा हा संगम घडण्यास जवळजवळ एक शतक लागलें.