करमणूक कर, कादंबरी आणि अस्मिता : स्कँडिनेव्हियन चित्रपटाच्या शेजारी मराठी चित्रपट

सांस्कृतिक अस्मितेच्या घडणीत चित्रपटाचा वाटा किती, ही चर्चा मराठीत बहुधा ‘प्रभात’च्या गौरवाने सुरू होते आणि तेथेच थांबते. स्वीडन, नॉर्वे व डेन्मार्क या देशांचा अनुभव शेजारी ठेवला की मराठी चित्रपटाच्या दोन बाजू अधिक स्पष्ट होतात. एक म्हणजे त्याचे कादंबरीशी असलेले ऋणानुबंध आणि दुसरी म्हणजे शासनाच्या तिजोरीशी असलेले त्याचे नाते. दुसऱ्या बाजूकडे आपल्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

स्वीडिश मूकपटाचा बहर १९१७ ते १९२४ या काळातला. व्हिक्टर स्योस्त्रोम यांनी १९१७ साली इब्सेनच्या दीर्घ कवितेवर चित्रपट केला. त्यानंतर त्यांनी व मॉरिट्झ स्टिलर यांनी सेल्मा लागरलॉफ यांच्या कथा-कादंबऱ्यांना हात घातला. १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या या लेखिकेच्या साहित्यातील बर्फाळ प्रदेश, जुनी घराणी, पाप आणि पश्चात्ताप हे सारे पडद्यावर आले, तेव्हा निसर्ग ही केवळ पार्श्वभूमी न राहता जणू एक पात्रच झाला. थोड्याच अंतराने कोल्हापुरात बाबूराव पेंटर हेच करीत होते. ‘सिंहगड’ (१९२३) हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवर, तर ‘सावकारी पाश’ (१९२५) नारायण हरी आपटे यांच्या कथेवर आधारलेला होता. एकात गड आणि इतिहास, दुसऱ्यात कर्जात बुडालेला शेतकरी. पुढे मराठी चित्रपट ज्या दोन वाटांनी वारंवार चालला, त्या दोन्ही येथे दिसतात.

मूकपटाला भाषेची कुंपणे नव्हती. म्हणूनच स्योस्त्रोम १९२३ साली आणि स्टिलर १९२५ साली ग्रेटा गार्बोसह हॉलिवूडला जाऊ शकले. बोलपट आला आणि चित्रपट भाषेत बांधला गेला. ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला, ही व्यवहाराची निकड होती. ‘संत तुकाराम’ (१९३६) मात्र केवळ मराठीत निघाला. मुंबईत तो वर्षभराहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. स्थानिकात खोल उतरलेली कृतीच बाहेर पोहोचते, असा निष्कर्ष यावरून अनेकांनी काढला आहे. तो मला अर्धाच पटतो, कारण १९४२ साली व्ही. शांताराम पुणे सोडून मुंबईत गेले, ‘राजकमल’ स्थापन झाले आणि हिंदीची ओढ त्यानंतर वाढतच गेली.

येथे आकड्यांकडे पाहावे. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषकांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या आसपास होती. स्वीडनची लोकसंख्या त्या वेळी एक कोटीच्याही आतच होती. म्हणजे मराठी ही संख्येने लहान भाषा नव्हे. तिचा चित्रपट लहान ठरतो तो हिंदीच्या शेजारामुळे, मुंबई हीच हिंदी चित्रपटाचीही राजधानी असल्यामुळे.

आता कराविषयी. ‘सिंहगड’ला लोटलेली गर्दी पाहून महसूल खात्याचे लक्ष या धंद्याकडे गेले आणि मुंबई इलाख्यात करमणूक कर आला, असे चित्रपटाच्या इतिहासात सांगितले जाते. स्वीडनमध्ये १९६३ साली हॅरी शाइन यांच्या पुढाकाराने करमणूक कर रद्द झाला. त्याऐवजी तिकिटावर दहा टक्के अंशदान घेऊन ते नव्या चित्रपट संस्थेकडे वळवले गेले. त्यातील काही रक्कम तज्ज्ञांच्या मंडळाने ठरवलेल्या गुणवत्तेनुसार निर्मात्यांना मिळे. महाराष्ट्राने १९७५ साली कर परतावा योजना आणली. मराठी चित्रपटावर जमलेला कर निर्मात्याला परत, मात्र पुढचा चित्रपटही मराठीतच काढण्याच्या अटीवर. दोन्हीकडे उगम एकच, न्याय मात्र वेगळा. स्वीडनने गुणवत्ता मोजली, महाराष्ट्राने गर्दी. जेवढा खप, तेवढा परतावा. या योजनेला नावे ठेवणे सोपे आहे. पण पडत्या काळात मराठी निर्मितीचा धागा तुटू दिला नाही, हे श्रेय तिला द्यावेच लागते. दर्जानुसार अनुदानाचा विचार आपल्याकडे नंतर आला. करमणूक कर स्वतः २०१७ साली वस्तू व सेवा करात विलीन झाला.

गुणवत्तेचा न्याय मराठी चित्रपटाला दिल्लीने दिला, असे म्हणता येईल. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक १९५४ साली ‘श्यामची आई’ला मिळाले. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीकडे येण्यास ‘श्वास’पर्यंत, म्हणजे २००४ पर्यंत, वाट पाहावी लागली. ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ हे त्यापुढचे मानकरी.

परंतु परतावा असो वा अनुदान, दोन्ही महाराष्ट्राच्या सीमेत थांबतात. यमुनेच्या पूर्वेकडील मयूर विहारसारख्या वसाहतीत मराठी, मल्याळी, बंगाली कुटुंबे शेजारी राहतात; तेथील मराठी घराला आपला चित्रपट वर्षानुवर्षे भेटला तो दूरदर्शनवर रविवारी दुपारी, इंग्रजी उपशीर्षकांसह, शेजाऱ्याला भेटावा तसाच. त्या घरांतील पुढच्या पिढीला मराठी ऐकून समजते, वाचता मात्र अडखळत येते. अशा घरात चित्रपट कादंबरीचे काम करतो. अस्मितेचा विचार करताना हा प्रेक्षक हिशेबात धरला जात नाही, ही उणीव आहे. स्वीडनमध्ये राज्य आणि भाषा यांच्या सीमा बव्हंशी जुळतात. आपल्या संघराज्यात त्या जुळत नाहीत.

तेथेही त्या पूर्ण जुळत नाहीतच. उत्तर सामी भाषेतील पहिला कथापट ‘ओफेलाश’ १९८७ साली नॉर्वेत निघाला. अमांडा केर्नेल यांच्या ‘सामेब्लुद’मध्ये (२०१६) १९३०च्या दशकातील सामी शाळकरी मुलीच्या शरीराची मोजमापे वंशशास्त्राच्या नावाखाली घेतली जातात आणि ती पुढे नावच बदलते. स्वीडिश अस्मितेची ही दुसरी बाजू. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चे (२०१३) शीर्षक मराठी नाही; तो कैकाडीतील डुकराचा शब्द आहे. गाव मराठी, शाळा मराठी, पण जब्याच्या घरात वेगळी बोली आहे, आणि तिच्यातला शब्द गावाने त्याला चिडवण्यासाठी उचलला आहे. डुक्कर पकडण्याच्या धावपळीत शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड पडद्यावरून थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो.