एकास अठ्ठेचाळीस: ट्रॉम्बेचे आराखडे आणि प्रमाणाचा प्रश्न

मोजमापाच्या इतिहासात आज आपण ट्रॉम्बेला थांबू. मूळ गाव तुर्भे. इंग्रजांच्या तोंडी त्याचं ट्रॉम्बे झालं. खाडीपलीकडे नवी मुंबईतही एक तुर्भे आहे, म्हणून गोंधळ टाळायला आपण ट्रॉम्बेच म्हणू. इथल्या अणुभट्ट्यांवर पुष्कळ बोललं जातं. त्या ज्या कागदांवरून उभ्या राहिल्या, त्या कागदांवर फारसं कोणी बोलत नाही.

आधी तारखा पाहू. अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. वजनमापांचा मेट्रिक कायदा त्याच वर्षीच्या डिसेंबरातला. म्हणजे आपल्याकडे अणुभट्टी आधी आली आणि मीटर नंतर! नवे पैसे एप्रिल १९५७ मध्ये आले, मेट्रिक वजनं ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं. नेमक्या याच काळात ट्रॉम्बेला कॅनडाच्या सहकार्यानं सायरस उभी राहत होती. तिचा मूळ नमुना चॉक रिव्हरची एनआरएक्स, १९४७ ची, फूट-इंचांच्या देशातली. सायरस १० जुलै १९६० रोजी सुरू झाली. गंमत अशी, की तिचं बांधकाम चालू असतानाच खुद्द इंच बदलला. अमेरिकेचा आणि ब्रिटनचा इंच तोवर किंचित वेगळा होता. १ जुलै १९५९ पासून इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलीमीटर असं ठरलं. फरक दहा लाखांत साधारण तीन भागांचा. कोणत्याही बोल्टला तो कळला नसेल. पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला तो कळायला हवा: आपण ज्याला माप म्हणतो तो माणसांमधला करार असतो, आणि करार नव्यानं करता येतो.

खरी अडचण इंचाची नव्हतीच. ती प्रमाणाची, म्हणजे स्केलची होती. फूट-इंचांच्या आराखड्यात पाव इंचाला एक फूट असं प्रमाण सर्रास वापरतात. हिशेब करा: एका फुटात पाव इंच अठ्ठेचाळीस वेळा बसतो, म्हणून हे प्रमाण एकास अठ्ठेचाळीस. मेट्रिकमध्ये त्याच्या जवळचं प्रमाण एकास पन्नास. आता जुन्या आराखड्यावर कोणी नवी, एकास पन्नासची पट्टी ठेवली तर काय होईल? १२ मीटरची भिंत साडेबारा मीटर वाचली जाईल. मीटर आणि फूट यांची गल्लत झाली तर उत्तर तिप्पट चुकतं आणि शिपायाच्याही लक्षात येतं. हा अर्धा मीटर मात्र कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. तो बांधला जातो!

शाळेत भूगोलात आपण तीन प्रमाणं शिकलो. शब्दप्रमाण, म्हणजे ‘एका इंचाला एक मैल’. अंकप्रमाण, म्हणजे एकास ६३,३६०. हे त्याच वाक्याचं आकड्यांतलं रूप. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे मेट्रिकमध्ये गेले तेव्हा तिथे एकास ५०,००० आलं. आणि तिसरं रेषाप्रमाण, नकाशाच्या तळाशी काढलेली खुणांची पट्टी. तिघांची खरी परीक्षा छपाईत होते. नकाशा लहान करून छापला, की शब्दप्रमाण आणि अंकप्रमाण दोन्ही खोटी ठरतात. रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच आकसतं, म्हणून खरं राहतं. आज संगणकावर आरेखक खऱ्या मापात चित्र काढतो, प्रमाण फक्त छापताना ठरतं. तिथे कोणी ‘कागदात बसवा’ हा पर्याय दाबला, की कोपऱ्यातलं ‘एकास पन्नास’ गेलं!

म्हणूनच जगभरच्या आराखड्यांवर एक सूचना असते: कागदावर पट्टी लावून मोजू नये, लिहिलेलं मापच खरं मानावं. कागद ओलाव्यानं फुगतो, उन्हात आखडतो. अमोनिया प्रिंट मूळ ट्रेसिंगशी तंतोतंत जुळेलच असं नाही. आम्हाला या सूचनेत न्यायशास्त्र दिसतं. नैयायिकांनी चार प्रमाणं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्तवाक्य, जाणत्या आणि खरं बोलू इच्छिणाऱ्या माणसाचं वचन. समोरच्या कागदावरची रेषा हे प्रत्यक्ष. तरी आराखडा सांगतो, प्रत्यक्ष सोडा, शब्द धरा. ‘प्रमाण’ हा एकच शब्द आपण ज्ञानाच्या साधनालाही वापरतो आणि स्केललाही. हे आम्हाला योगायोगापेक्षा जास्त वाटतं. ड्राफ्ट्समन हा आप्त आहे. त्याची सही असते ती त्यासाठी.

आणि जुनी मापं जातात असं समजू नका. लोखंडाच्या दुकानात १० मिलीमीटरची सळई आजही ‘तीन सुती’ असते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

कॅमेऱ्याचंच घ्या. प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत भिंग बसवण्यासाठी सी-माउंट नावाची रचना सगळीकडे चालते. तिचे आटे एक इंच व्यासाचे, इंचाला ३२. भिंगाच्या बैठकीपासून चित्र पडतं त्या पृष्ठापर्यंतचं अंतर १७.५२६ मिलीमीटर. तीन दशांश स्थळं पाहून वाटतं, केवढा काटेकोरपणा! मुळात ते ०.६९ इंच आहे. मेट्रिक आराखड्यात इंच असा वेषांतर करून राहतो. एखाद्यानं नीटनेटकेपणासाठी आट्यांचा व्यास २५ मिलीमीटर केला, तर भिंग आतच जाणार नाही. ही चूक लगेच कळते. त्यानं १७.५२६ चं १७.६ केलं, तर भिंग छान बसेल. पण २५ मिलीमीटरचं भिंग अनंतावर लावलं, तर स्वच्छ दिसेल ते साधारण साडेआठ मीटरवरचं. पुन्हा तीच भिंत, तोच अर्धा मीटर.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं लडाखमध्ये हान्ले इथे उभारलेल्या ‘मेस’ दुर्बिणीत हाच प्रश्न मोठ्या आकारात येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचं उद्‌घाटन झालं. गॅमा किरण हवेत शिरले की क्षणभर निळसर उजेड पडतो, तो ती टिपते. आरशांची तबकडी २१ मीटरची, नाभीय अंतर २५ मीटर, आणि तिथे टांगलेल्या कॅमेऱ्यात १०८८ प्रकाशग्राही नळ्या. इथे प्रमाण ‘एकास इतके’ असं सांगताच येत नाही, कारण एका बाजूला अंश आहेत आणि दुसऱ्या बाजूला मिलीमीटर. आकाशातला एक अंश कॅमेऱ्यावर सुमारे ४३६ मिलीमीटर होतो. एका नळीच्या वाट्याला अंशाचा आठवा भाग, म्हणजे साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास. पौर्णिमेचा चंद्र त्या पृष्ठावर जेवणाच्या लहानशा ताटाएवढा, साधारण बावीस सेंटीमीटरचा पडेल. कॅमेरा एक मिलीमीटर बाजूला सरकला, तर आकाश आठ विकलांनी सरकलेलं दिसेल.