नागपूरचा मतदार आणि गेलेली राजधानी

निवडणुकांचा इतिहास हा विषय काढला म्हणजे श्रोत्यांच्या मनात दोन शंका येतात. एक, हा इतिहास की नुसती आकडेमोड? आणि दुसरी, आपल्यांतील वडीलधाऱ्यांनी ज्या गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या, त्यांना इतिहास कसे म्हणावे? दोन्ही शंका रास्त आहेत. परंतु जुन्या बखरी उघडल्या तर राजा काय बोलला हे सापडते. रयतेला काय वाटत होते हे क्वचितच सापडते. १९५२ पासून मात्र रयतेने दर काही वर्षांनी आपले मत नोंदवून ठेवलेले आहे. त्या मताला कारणे जोडलेली नसतात. ती शोधून काढणे हेच इतिहासाचे काम होय, आणि नागपूर लोकसभा मतदारसंघापुरते ते करून पाहण्याचा आमचा विचार आहे.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. या मतदारसंघाच्या सत्तर-बहात्तर वर्षांच्या वाटचालीत जात, पक्ष, पैसा, लाटा हे सर्व आहेच. पण त्याखाली एक धागा सतत जाणवतो. हे शहर एकदा राजधानी होते आणि ते तसे राहिले नाही, हा तो धागा. नागपूरकराने मत देताना या गोष्टीचा हिशेब कधी रागाने मागितला, कधी सवलतीने वसूल केला, आणि कधी तो विसरून दुसऱ्याच कारणाने मत दिले.

प्रथम पूर्वपीठिका पाहू. भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली आणि हातमागावर विणणाऱ्या कोष्ट्यांच्या शहरात गिरणीचा भोंगा वाजू लागला. १९२० चे काँग्रेसचे अधिवेशन, १९२३ चा झेंडा सत्याग्रह, १९२५ साली राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना, १९५६ साली डॉ. आंबेडकरांनी घडवून आणलेले धर्मांतर, या सर्वांचे ठिकाण हेच शहर. महाल, इतवारी, धरमपेठ, मोमिनपुरा, इंदोरा अशी नावे घेतली तरी किती निरनिराळी माणसे येथे शेजारी राहतात हे ध्यानात येईल. असा मतदार एका हाकेसरशी एका बाजूला जाईल, हे संभवत नाही.

१९५२ ची निवडणूक झाली तेव्हा नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होते. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचे चिन्ह, आणि मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकावयाची, अशी तेव्हाची रीत होती. देशातील पहिल्या मतदारयाद्यांतून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळाली, कारण अमक्याची आई किंवा तमक्याची बायको यापलीकडे त्यांचे नाव सांगितलेच गेले नव्हते. अशा काळात नागपूरने पाठवलेली पहिली खासदार एक स्त्री होती. अनसूयाबाई काळे १९३७ साली प्रांतिक विधानसभेच्या उपाध्यक्षा झालेल्या होत्या, आणि १९४२ च्या चिमूर-आष्टी प्रकरणात ज्यांना फाशीची शिक्षा झाली, त्यांचे प्राण वाचावेत म्हणून त्यांनी खटपट केली होती. १९५७ सालीही त्याच निवडून आल्या. त्यांच्यानंतर आजवर एकही स्त्री या मतदारसंघातून लोकसभेत गेलेली नाही, हेही येथे नोंदवून ठेवले पाहिजे.

या दोन निवडणुकांच्या दरम्यान मोठी उलथापालथ झाली. १९५३ साली नागपूर करार झाला. १९५५ साली फाजल अली आयोगाने विदर्भाचे स्वतंत्र राज्य असावे अशी शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. सचिवालय, मंत्र्यांचे बंगले, प्रांताच्या कानाकोपऱ्यांतून कामासाठी येणारी माणसे, आणि या सर्वांवर चालणारे व्यापारउदीम यांना एका दिवसात ओहोटी लागली. तरीसुद्धा १९५७ साली पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली असता नागपूर काँग्रेसच्याच बाजूस राहिले. याचे कारण उघड आहे. मुंबईचा प्रश्न हा तिकडचा जिव्हाळा होता; इकडचे दुःख वेगळे होते, आणि त्याला अजून उमेदवार मिळालेला नव्हता.

तो उमेदवार लवकरच मिळाला. १९५८ साली अनसूयाबाई वारल्या आणि १९५९ च्या पोटनिवडणुकीत लोकनायक बापूजी अणे निवडून आले. वणीत जन्मलेले अणे टिळकांच्या परंपरेतले. १९३३ साली काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष झालेले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असता १९४३ साली गांधीजींच्या उपोषणाच्या प्रश्नावरून राजीनामा देऊन बाहेर पडलेले. पुढे बिहारचे राज्यपाल. असा माणूस विदर्भाच्या राज्याची मागणी घेऊन उभा राहिल्यावर तिला आपोआपच वजन आले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, मुंबईत मंगल कलश आला, आणि १९६२ साली राज्यातल्या ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या तिघांत नागपूर होते. एक्याऐंशी वर्षांच्या अणे यांना नागपूरकरांनी पुन्हा अपक्ष म्हणून दिल्लीस धाडले. सगळे राज्य नव्या घराच्या वास्तुशांतीत असताना घरातल्या एकाने पानावर बसण्यास नकार द्यावा, तसा हा प्रकार होता.

या नकाराचा परिणाम झाला नाही असे म्हणता येणार नाही. १९६२ च्या नोव्हेंबरात चांद्याचे मा. सां. कन्नमवार मुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्या निधनानंतर १९६३ च्या डिसेंबरात पुसदचे वसंतराव नाईक. नाईक पुढे अकरा वर्षांहून अधिक काळ त्या जागी होते. कराराप्रमाणे विधिमंडळाचे अधिवेशन दरवर्षी नागपुरास भरू लागले. राज्य मिळाले नाही, परंतु राज्याची गादी विदर्भाच्या माणसाकडे आली. १९६७ साली काँग्रेसचे नरेंद्र देवघरे निवडून आले, ते या समजुतीच्या वातावरणात, असे आमचे अनुमान आहे.

परंतु समजूत ही कायमची नसते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठासाठी झालेल्या आंदोलनाने विदर्भाचा प्रश्न पुन्हा पेटला आणि यवतमाळचे जांबुवंतराव धोटे पुढे आले. अणे यांचे भांडण कायद्याच्या पुस्तकातले. धोटे यांचे रस्त्यावरचे. १९७१ साली इंदिरा गांधींच्या लाटेत महाराष्ट्रातील ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसकडे गेल्या असता नागपूरने फॉरवर्ड ब्लॉकच्या तिकिटावर उभ्या असलेल्या धोट्यांना निवडून दिले. फॉरवर्ड ब्लॉकचे येथे फारसे बळ होते असे नव्हे. मत पक्षाला नव्हते. ‘विदर्भवीर’ या पदवीला होते.

पुढचा भाग मात्र गमतीचा आहे. १९७७ साली उत्तर भारतात काँग्रेस वाहून गेली, स्वतः इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या, आणि नागपूरने काँग्रेसचा खासदार दिला. हे खासदार गेव्ह आवारी, १९२७ च्या नागपुरातील शस्त्र सत्याग्रहाचे सेनापती मंचरशा आवारी यांचे पुत्र. पारशी समाजाची मते या शहरात किती असणार? तेव्हा नागपूरकर केवळ जात पाहून मत देतो, हा आरोप निदान त्या वर्षी तरी लागू पडत नाही. १९८० साली धोटे पुन्हा निवडून आले, पण इंदिरा काँग्रेसचे म्हणून! ज्या लाटेविरुद्ध ते नऊ वर्षांपूर्वी उभे राहिले होते, तिच्याच आश्रयाला ते गेले. विदर्भाची मागणी करणाऱ्या नेत्यांना दिल्लीतल्या मोठ्या पक्षाने पोटात घ्यावे, आणि मागणी मात्र दाराबाहेर राहावी, हा क्रम येथून पक्का झाला.

१९८४ आणि १९८९ साली काँग्रेसचे बनवारीलाल पुरोहित, १९९१ साली काँग्रेसचेच दत्ता मेघे, हा काळ थोडक्यात सांगण्यासारखा आहे. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट पुढे घडली. १९९१ साली भारतीय जनता पक्षाकडून उभे राहून पडलेले पुरोहित १९९६ साली त्याच पक्षाकडून निवडून आले. संघाची स्थापना ज्या शहरात झाली, जनसंघाला बच्छराज व्यासांसारखा अखिल भारतीय अध्यक्ष ज्या शहराने दिला, त्या शहरातून त्या विचाराचा पहिला खासदार लोकसभेत जाण्यास स्थापनेपासून ७१ वर्षे लागली. आणि तोही दोनदा काँग्रेसचा खासदार राहिलेला! बाहेरगावच्या माणसाला याचे नवल वाटते. नागपूरकराला वाटू नये. संघाचे मुख्यालय महालात आहे, पण मतदारसंघ महालापुरता नाही. उत्तर नागपुरातील बौद्ध वस्त्या, मोमिनपुऱ्यातील मुसलमान, विणकर आणि गिरणी कामगार, हिंदी बोलणारे व्यापारी आणि मजूर, या सर्वांची मोट बांधल्याखेरीज येथे कोणालाही जय मिळत नाही.

१९९८ साली हेच सिद्ध झाले. काँग्रेस आणि रिपब्लिकन गटांची युती झाली. अकोला, अमरावती आणि चिमूर येथून रिपब्लिकन नेते खुल्या जागांवर निवडून आले, आणि नागपुरात काँग्रेसचे विलास मुत्तेमवार. पुढे १९९९, २००४ आणि २००९ असे सलग चार विजय त्यांनी मिळवले. याच काळात, २००० साली, छत्तीसगड, उत्तरांचल आणि झारखंड ही तीन राज्ये झाली. विदर्भाचे नाव त्यांत नव्हते. छत्तीसगडचा मुलूख एकेकाळी नागपूरच्या कारभाराखाली होता; त्याला राज्य मिळाले आणि जुन्या राजधानीला मिळाले नाही. तरी २००२ साली धोट्यांनी काढलेल्या विदर्भ जनता काँग्रेसला आणि २००३ साली पुरोहितांनी काढलेल्या विदर्भ राज्य पक्षाला मतदाराने जवळ केले नाही. २००२ सालीच एम्प्रेस मिलही बंद झाली. पोटाचा प्रश्न जवळ आला की राज्याचा प्रश्न लांब जातो.

२०१४ साली नितीन गडकरी यांनी मुत्तेमवारांचा २ लाख ८४ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. २०१९ साली नाना पटोल्यांविरुद्ध हे आधिक्य सुमारे २ लाख १६ हजार झाले, आणि २०२४ साली विकास ठाकऱ्यांविरुद्ध सुमारे १ लाख ३७ हजार. विजय तीनदा झाला. आधिक्य दर वेळी घटले. या काळात दिल्लीत मंत्रिपद, २०१४ ते २०१९ मुंबईत नागपूरचेच मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस, शहरात मेट्रो आणि उड्डाणपूल, असे बरेच काही नागपूरच्या पदरात पडले. राजधानी गेल्याची भरपाई म्हणून मतदाराने हे स्वीकारले असावे. आधिक्य घटण्याचे कारण आम्ही ठामपणे सांगणार नाही. पण भरपाईला सीमा असते, एवढे त्यावरून कळते.

आता या सर्वांचा निष्कर्ष काय? अणे आणि धोटे यांना निवडून देऊन नागपूरने विदर्भाची मागणी स्पष्ट शब्दांत सांगितली होती. राज्य मिळाले नाही, कारण एका मतदारसंघाचा खासदार संसदेत एकच मत देऊ शकतो. राज्य निर्माण करण्यास बहुमत लागते, आणि बहुमतासाठी मोठ्या पक्षाचा आश्रय लागतो. आश्रय घेतला की मागणी मवाळ होते. न घेतला तर ती एकाकी पडते. या कोंडीत नागपूरचा मतदार १९५९ पासून आहे. त्याने कधी मानी माणूस निवडला, कधी वजनदार माणूस निवडला. दोन्ही वेळा त्याचा विचार मूर्खपणाचा नव्हता.

विदर्भाचे राज्य व्हावे की न व्हावे, यावर श्रोत्यांत दोन मते असणार, आणि ती असू द्यावीत. आमचे सांगणे एवढेच की उमेदवार दारी आला म्हणजे तो नागपुरासाठी काय आणील हे जसे आपण विचारतो, तसे तो नागपूरचे म्हणणे कोणाच्या तोंडावर बोलून दाखवील, हेही विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पूल आणि रस्ते यांत मोजता येते. दुसऱ्याचे उत्तर मोजता येत नाही, म्हणून ते विचारावयाचे राहून जाते.