एकास पस्तीस: एका मापाची कुळकथा

एकास पस्तीस (१:३५) हे लष्करी वाहनांच्या प्रतिकृतींचे जगभर रुळलेले प्रमाण आहे. खऱ्या रणगाड्यावरचे ३५ सेंटिमीटर प्रतिकृतीत १ सेंटिमीटर होतात. तान्ह्या पोळ्याला आर्णीत किंवा विदर्भातल्या इतर गावांत मुले ओढतात तो चाकांचा लाकडी नंदी वीतभर असो वा पुरुषभर, त्याच्या शिंगांचे माप खऱ्या बैलाशी कोणी ताडून पाहत नाही. रणगाड्याच्या प्रतिकृतीत मात्र चाक, तोफ, झाकण सगळे एकाच भाजकाने लहान व्हावे लागते.

विमानांच्या प्रतिकृतींची जुनी प्रमाणे इंच-फुटांतून आली. ६ फुटांना १ इंच धरला की १:७२, आणि ४ फुटांना १ इंच धरला की १:४८. पस्तीसचा असा हिशेब लागत नाही, कारण तो आकडा आधी ठरलाच नव्हता.

जपानमधील शिझुओका शहरातली तामिया कंपनी १९४६मध्ये लाकडाच्या धंद्यातून उभी राहिली. पुढे ती लाकडी प्रतिकृतींकडे आणि मग प्लास्टिककडे वळली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिने जर्मन ‘पँथर’ रणगाड्याचे मोटरवर चालणारे किट काढले. मोटर आणि दोन सेल पोटात मावतील एवढा रणगाडा आखला गेला. किट खपले, तेव्हा त्याच मापात इतर देशांचे रणगाडेही काढायचे ठरले. पँथर मोजला तर तो मूळच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्श्याचा निघाला. १९६८पासून याच मापाचे सैनिकही आले. इतर कंपन्यांनी तेच प्रमाण उचलले आणि सेलसाठी घेतलेले माप प्रमाण म्हणून कायम झाले.

पुढे बहुतेक किटमधून मोटर गेली, पण जुन्या साच्यांतल्या काही किटच्या तळाला तिच्यासाठीची भोके राहिली. ती प्लास्टिकच्या पत्र्याने बुजवणे ही किटमधली पहिली दुरुस्ती असते. दुसरी जाडीची. १० मिलिमीटरचा खरा पत्रा या मापात ०.३ मिलिमीटरहूनही पातळ होतो, आणि साच्यातून इतका पातळ भाग नीट निघत नाही. म्हणून चाकांवरचे मडगार्ड काढून तिथे पितळेचा पातळ पत्रा बसवतात.

तिसरी दुरुस्ती विशिष्ट रणगाड्यासाठी असते. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत ज्या सेंच्युरियन रणगाड्यातून लढले, त्या ‘फॅमागुस्टा’चे जतन अहिल्यानगरच्या चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्रात झाले आहे. सेंच्युरियन सुमारे ३.४ मीटर रुंद. १:३५मध्ये तो ९.७ सेंटिमीटर होतो. किट कोणत्याही सेंच्युरियनचे असू शकते. त्याचा ‘फॅमागुस्टा’ करायचा तर पेट्या, दिवे, रंग आणि खुणा त्या एका रणगाड्याच्या छायाचित्रांशी जुळवून बदलाव्या लागतात.