भांगाची भरती

तारावा हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेलं नसतं. पॅसिफिकमधल्या गिल्बर्ट बेटांपैकी हे एक कंकणाकृती प्रवाळद्वीप. त्याच्या टोकाला बेटिओ, लांबी जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटर. २० नोव्हेंबर १९४३ला अमेरिकी मरीन्स इथे उतरले.

बेटाभोवती प्रवाळाचा कठडा. त्यावरून जायला हिगिन्स बोटींना साधारण चार फूट पाणी लागायचं, आणि प्लॅनमध्ये पाच फूट धरलं होतं. त्या बेटांवर अनेक वर्षं राहिलेल्या मेजर फ्रँक हॉलंडने सांगितलं होतं की त्या दिवसांत इतकं पाणी मिळणार नाही. वरिष्ठांनाही धोका माहीत होता. तारीख मात्र हलली नाही. (डेडलाइन हलत नाही म्हणून असली गृहीतकं मीही पुढे ढकललीत. फरक इतकाच, की माझा फक्त सर्व्हर पडतो.)

पाणी तीन फुटांच्या आसपासच राहिलं. पट्ट्यांवर चालणारी उभयचर वाहनं कठडा ओलांडून गेली, पण ती पुरेशी नव्हती. मागच्या बोटी अडकल्या. त्यातले मरीन्स उतरले आणि मशीनगनच्या माऱ्यात, छातीएवढ्या पाण्यातून, जवळपास अर्धा किलोमीटर चालत निघाले. ७६ तासांत सुमारे एक हजार अमेरिकी मेले. जपानी सैनिकांपैकी जिवंत सापडले फक्त १७.

१९८७मध्ये डोनाल्ड ऑल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने त्या दिवसांचा चंद्र मोजला. तिथी अष्टमीच्या आसपासची, म्हणजे कोकणात ज्याला भांगाची भरती म्हणतात ती. त्यात चंद्र पृथ्वीपासून जवळपास सर्वांत दूर. म्हणून पाणी ना धड चढलं, ना धड उतरलं.

सात महिन्यांनी नॉर्मंडीत चित्र वेगळं होतं. तिथे मरीन म्हणजे मुख्यतः ब्रिटनचे रॉयल मरीन्स. काही कमांडो, पण कितीतरी जण लँडिंग क्राफ्ट चालवणारे. त्यांच्यासाठी लिव्हरपूलजवळ आर्थर डूडसनने दातेरी चाकं आणि कप्प्यांच्या यंत्रावर भरती-ओहोटीचं गणित आधीच करून ठेवलं होतं. ते यंत्र म्हणजे पितळेचा कॉम्प्युटरच! त्याचे फोटो जरूर शोधा.

आता पुन्हा पॅसिफिककडे. जून १९४४मध्ये सायपानला मरीन्स उतरण्याआधी अमेरिकी नौदलाचे पोहणारे पाठवले गेले. खोली मोजता यावी म्हणून त्यांच्या अंगावर फुटाफुटावर काळे पट्टे रंगवले होते.