बुडीत व्यापाऱ्याच्या बागेतील वेल

१७५७ नंतर पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये कँटन (आजचे ग्वांगझोउ) हे एकच बंदर खुले राहिले. नदीकाठच्या वखारींपलीकडे त्यांच्या संचारावर कडक निर्बंध होते आणि व्यवहार परवानाधारक 'हाँग' व्यापाऱ्यांमार्फतच करावा लागे. साहजिकच युरोपीय वनस्पतीप्रेमींना चीनची अरण्ये दिसलीच नाहीत. दिसल्या त्या रोपवाटिका आणि या धनिकांच्या बागा.

त्यांपैकी एक बाग पान चांगयाव या हाँग व्यापाऱ्याची. परदेशी लोक त्याला कॉन्सिक्वा म्हणत. तेथे एक वेल होती. बहाव्याचे झुंबर पिवळ्याऐवजी फिकट जांभळे असते आणि त्याला गोड सुगंध असता, तर ते विस्टेरियासारखे दिसले असते. (ही वाल-घेवड्याच्या कुळातील, मखमली शेंगा पाहिल्या की नाते पटते.) १८१६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या व्यापारातील दोन जहाजांतून, 'कफनेल्स' आणि 'वॉरन हेस्टिंग्ज', या वेलीची रोपे इंग्लंडला पोहोचली. श्रीमंतांनी ती काचघरांत जपली. पुढे कळले की तिला कसल्याही जपणुकीची गरज नाही.

कॉन्सिक्वाची अवस्था मात्र बिकट होत चालली होती. अमेरिकी व्यापाऱ्यांनी त्याच्याकडून माल उधारीवर नेला आणि पैसे थकवले. १८१४ मध्ये त्याने थेट राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांना अर्ज लिहून दाद मागितली. वेल इंग्लंडला पोहोचली त्याच वर्षी त्याचे खटले फिलाडेल्फियाच्या न्यायालयात चालू होते. १८२३ मध्ये तो कर्जबाजारी अवस्थेत मरण पावला.

याच फिलाडेल्फियात कॅस्पर विस्टर नावाचे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या स्मरणार्थ थॉमस नटॉल याने १८१८ मध्ये एका अमेरिकी वेलीच्या प्रजातीला 'विस्टेरिया' हे नाव दिले. चिनी वेल नंतर त्याच प्रजातीत समाविष्ट झाली. अशा रीतीने कॉन्सिक्वाच्या बागेतील वेलीला त्याच्या ऋणकोंच्या देशातील एका डॉक्टरचे नाव मिळाले. नामकरणात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता, हे मान्य. तरीही योगायोग बोचरा आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेत घरांच्या व्हरांड्यांवर ही वेल हौसेने चढवली गेली. १८६२ मध्ये तिची जपानी बहीणही आली. घरे ओस पडली, पण वेली राहिल्या. जमिनीलगतचे धुमारे मुळे धरत पसरतात. वाळलेली शेंग तडकून बिया दूर फेकते. बुंध्याभोवतीचा विळखा वर्षानुवर्षे जाड होत झाडाचा रसप्रवाह आवळतो. झाड मेले की वरून ऊन येते आणि त्या उन्हात वेल आणखी फोफावते. जनुकीय तपासणीत आढळले की रानात पसरलेल्या अनेक वेली चिनी व जपानी यांच्या संकरातून निर्माण झालेल्या आहेत. गंमत अशी की जिच्यावरून नाव पडले ती मूळची अमेरिकी विस्टेरिया याहून कितीतरी सौम्य आहे.

कॅलिफोर्नियातील सिएरा माद्रे येथे १८९४ मध्ये ७५ सेंटला घेतलेले चिनी विस्टेरियाचे एक रोप आज एकराहून अधिक जागा व्यापून आहे. ज्या घराच्या शोभेसाठी ते लावले, ते घर तिच्या भाराने मोडकळीस आले आणि १९३१ मध्ये पाडावे लागले. वेलीला मांडव घालून देण्यात आला. दर वसंतात ती पाहायला हजारो लोक येतात, आणि रोपवाटिकांत चिनी विस्टेरिया अजूनही विकली जाते.