एक माणूस, चार आडनावे : फ्रेडरिक डग्लस यांच्या कुळाचा शोध

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन पूर्वजाचा माग काढणारा अभ्यासक सहसा आडनावाचे बोट धरून मागे जातो, कारण जनगणनेच्या याद्या, चर्चमधील विवाहनोंदी आणि जमिनीचे दस्त ही त्याची मुख्य साधने आडनावावरूनच शोधता येतात. गुलामीत जन्मलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र हे बोट लवकरच सुटते. 1850 आणि 1860 च्या जनगणनांत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव लिहून त्याखाली प्रत्येक गुलामाचे वय, लिंग आणि वर्ण नोंदवला जाई, परंतु त्याचे नाव बहुधा लिहिलेच जात नसे. गुलामीतून सुटलेल्या लोकांची नावे जनगणनेत सर्वत्र आली ती 1870 मध्ये. त्याआधीचा शोध मालकाच्या कागदपत्रांतूनच घ्यावा लागतो.

गुलामगिरीविरोधी चळवळीचे थोर वक्ते आणि लेखक फ्रेडरिक डग्लस यांचे कूळ हे या शोधाचे उत्तम उदाहरण आहे. मेरीलँडच्या टॅलबट परगण्यात टकाहो नावाच्या ओढ्याजवळ जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव फ्रेडरिक ऑगस्टस वॉशिंग्टन बेली असे होते. आई हॅरिएट बेली दूरच्या शेतावर राबत असल्याने त्याचे बालपण आजी बेट्सी बेली हिच्याजवळ गेले. वडील कोण, हे कधीच निश्चित झाले नाही. मूल आईच्या दर्जाने गुलाम ठरेल असा कायदाच असल्याने मालकाला पित्याच्या नावाशी कर्तव्य नव्हते आणि आईचे नाव मात्र मालमत्तेच्या हिशेबासाठी आवश्यक होते. या निष्ठुर व्यवहारानेच पुढे संशोधकांच्या हाती धागा दिला. मालक ॲरन अँथनी याच्या वहीत गुलामांच्या मुलांचे जन्म मातेच्या नावासह नोंदवलेले असून, तीत हॅरिएटचा मुलगा फ्रेडरिक ऑगस्टस याचा जन्म फेब्रुवारी 1818 असा दिला आहे. डग्लस स्वतः आपले जन्मवर्ष 1817 धरत आले होते. पत्रकार डिक्सन प्रेस्टन यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशाच नोंदींच्या आधारे बेली कुळ अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत मागे नेले.

3 सप्टेंबर 1838 रोजी बाल्टिमोरहून पलायन केल्यावर हे कुळाचे नाव धोक्याचे झाले, कारण पळालेल्या गुलामाचा शोध त्याच्या नावानेच घेतला जाई. निघताना त्यांनी स्टॅनली हे आडनाव घेतले, न्यूयॉर्कमध्ये जॉन्सन. 15 सप्टेंबरला ॲना मरे यांच्याशी झालेल्या विवाहाचा दाखलाही फ्रेडरिक जॉन्सन या नावाचा आहे. देवमाशांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेल्या न्यू बेडफर्ड बंदरात पोहोचल्यावर तेथे जॉन्सन इतके निघाले की पुन्हा बदल करणे भाग पडले. ज्यांच्या घरी आश्रय मिळाला त्या नेथन जॉन्सन यांना नवे आडनाव निवडण्याचा मान देण्यात आला. अट एवढीच की ‘फ्रेडरिक’ला हात लावायचा नाही. ते त्या वेळी सर वॉल्टर स्कॉट यांचे ‘द लेडी ऑफ द लेक’ हे 1810 मधील काव्य वाचत होते आणि त्यातील स्कॉटिश सरदारघराण्याचे नाव त्यांनी सुचवले. डग्लस यांनी लिहिताना त्याच्या अखेरीस आणखी एक ‘एस’ जोडला. स्कॉटलंडशी या कुळाचा संबंध एवढाच, हे आडनावावरून मूळ गाव ठरवणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

1845 मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाल्यावर नव्या नावाचे हे आवरण गळून पडले आणि मालकाच्या हाती लागण्याचे भय टाळण्यासाठी डग्लस इंग्लंड-आयर्लंडला गेले. तेथील स्नेह्यांनी पैसे उभे करून 1846 मध्ये त्यांची कायदेशीर मुक्तता विकत घेतली; त्यासंबंधीच्या मुक्तिपत्रात, म्हणजे मालकाने गुलामावरील हक्क सोडल्याच्या दस्तात, बेली आणि डग्लस ही दोन्ही नावे एकत्र आली आहेत. वंशावळ मांडणाऱ्याच्या दृष्टीने आत्मचरित्रातील कथनाइतकाच हा कागद मोलाचा, कारण दोन आडनावे एकाच माणसाची असल्याचे त्यात मालकपक्षानेच मान्य केले आहे.

भावंडांची स्थिती आणखी गुंतागुंतीची आहे. यादवी युद्धानंतर, 1867 मध्ये, अनेक वर्षांच्या ताटातुटीनंतर भेटलेला थोरला भाऊ पेरी हा डाउन्स आडनाव लावत होता. एकाच आईच्या दोन मुलांच्या आडनावांत बेलीचा मागमूस उरला नव्हता आणि त्यांचे नाते दाखवणारी लेखी नोंद राहिली ती अँथनीच्या वहीत, हॅरिएटच्या नावाशी जोडलेली.